साठ हजारांत लेस पॉल

जुळे सोलापुरातल्या एका वादकाने विचारलंय. सहा वर्षं अकूस्टिक गिटार वाजवून झाली. आता बँकेतल्या चार सहकाऱ्यांचा बँड जमलाय, गणपतीत आणि ओळखीच्यांच्या लग्नांत वाजवतात. जीव गिब्सन या अमेरिकन कंपनीच्या लेस पॉल स्टँडर्ड या इलेक्ट्रिक गिटारमध्ये अडकलाय आणि तिची किंमत अडीच लाखांच्या पुढे आहे. हातात आहेत साठ हजार, त्यातच ॲम्पही, म्हणजे गिटारचा आवाज वाढवणारा डबाही, बसवायचा. विचारणा अशी की तिच्यासारखी स्वस्तातली कोणती घ्यावी, का दोन वर्षं पैसे साठवून खरीच घ्यावी.

मी वीसेक वर्षं सोलापूर आणि आसपासच्या ऑर्केस्ट्रांत इलेक्ट्रिक गिटार वाजवली. त्यातली शेवटची चौदा वर्षं गिटारी दुरुस्तही करतोय. हाच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून बऱ्याचदा ऐकलाय, म्हणून आधी सरळ उत्तर देतो. थांबू नका. गिटारवर ४० हजारांच्या आत खर्च करा, ॲम्पला १२ ते १५ हजार ठेवा आणि उरलेले सेटअप (म्हणजे गिटार वाजवायला नीट लावून घेणं), केबल, चांगली बॅग आणि तारांसाठी राखा. वापरलेली, पण २०२० नंतरची एपिफोन लेस पॉल स्टँडर्ड या पैशांत मिळाली तर डोळे झाकून नव्हे, नीट तपासून तीच घ्या. नाहीच मिळाली तर कॉर्टच्या सीआर मालिकेतली नवी गिटार घ्या. आता यामागचं कारण सांगतो, कारण ते कळल्याशिवाय दुकानात उभं राहिल्यावर मन पुन्हा रंगाकडे आणि नावाकडेच ओढलं जातं.

लेस पॉलचं नेमकं काय आवडतं, असं मी समोरच्याला विचारतो. बहुतेक जण म्हणतात, आवाज. जाड, भरीव, एक सूर धरला की लांबपर्यंत टिकणारा. हा आवाज येतो कुठून? पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं, वेढ्यांत वीज तयार होते आणि तीच केबलमधून ॲम्पकडे जाते. १९५२ साली पहिली लेस पॉल आली तेव्हा तिच्यावर एकेरी कॉइलचे पिकअप होते. गिब्सनमधल्या सेथ लव्हर यांनी दोन कॉइल एकमेकांविरुद्ध जोडून घरघर मारणारा पिकअप तयार केला, १९५५ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला, आणि १९५७ पासून तो लेस पॉलवर बसायला लागला. हाच हंबकर. तुमच्या कानात बसलेला जाड आवाज मुख्यतः त्याचा आहे.

हंबकरचं महत्त्व आपल्या गावात जरा जास्तच कळतं. आपली वीज ५० हर्ट्झची. एकेरी कॉइल ती घरघर आसपासच्या वायरिंगमधून उचलते. अशोक चौकाच्या बाजूला एका विद्यार्थ्याच्या घरी खाली यंत्रमाग आणि वर राहायची खोली. त्याची एकेरी कॉइलची गिटार खालचे माग सुरू असताना वाजवणं अशक्य व्हायचं, आणि रविवारी माग बंद असले की तीच गिटार शांत. मांडवातल्या लाइटिंगचे डिमर हाच त्रास देतात. तुम्ही गणपतीत आणि लग्नात वाजवणार, म्हणजे हंबकर हवाच. यावर तडजोड करू नका.

दुसरी गोष्ट तारेची लांबी, म्हणजे नटपासून (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंतचं (बॉडीवरचा तारांचा टेकू) अंतर. लेस पॉलची साधारण २४.७५ इंच, फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरची २५.५ इंच. पाऊण इंचाने काय होतं, असं वाटेल. पण त्याच तारा त्याच सुराला लावल्या तर लांब मानेवर ताण सुमारे ६ टक्के वाढतो. छोट्या लांबीवर तार बोटाखाली मऊ लागते, ओढायला सोपी जाते. मला विचाराल तर 'लेस पॉलसारखं वाटतं' यातला निम्मा भाग बोटांना जाणवणाऱ्या या मऊपणाचा आहे. तिसरी गोष्ट हलता न येणारा, बॉडीत घट्ट रोवलेला ब्रिज. हंबकर, २४.७५ ची लांबी आणि पक्का ब्रिज, एवढं जमलं की तुमचं काम झालं. मान चिकटवलेली असली तर उत्तम, पण बोल्टने बसवलेली मान नीट घट्ट असेल तर सूर टिकण्यात मला आजवर कधी फरक ऐकू आलेला नाही.

मग अडीच लाख कशाचे? अमेरिकेतली मजुरी, हाताने केलेलं बरंचसं काम, पातळ नायट्रोसेल्युलोजची पॉलिश, एकेका गिटारला मिळणारा वेळ, आणि नाव. यातली प्रत्येक गोष्ट खरी आहे. मी उत्तम गिब्सन हातात घेतल्या आहेत, त्या वाजवताना डोळ्यांत पाणी यावं अशा असतात. पण ऑर्केस्ट्राच्या पाचव्या गाण्याला ड्रम, कीबोर्ड आणि लाउडस्पीकरच्या भिंतीसमोर श्रोत्याला यातलं काय पोचतं? पिकअप, ॲम्प आणि तुमचा हात. लाकडाबद्दल लोक भांडतात. माझा अनुभव असा की लाकूड वजनात, टिकाऊपणात आणि मांडीवर घेतल्यावर जाणवणाऱ्या कंपनात बोलतं, ॲम्पमधून मात्र फार कमी.

लाकडाचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो, कारण दुकानदार याच मुद्द्यावर गोंधळात पाडतात. एपिफोन आणि स्क्वायरच्या गिटारींवर फिंगरबोर्डसाठी, म्हणजे मानेवरच्या बोटांखालच्या फळीसाठी, 'इंडियन लॉरेल' लिहिलेलं दिसतं आणि ग्राहकाला वाटतं, काहीतरी हलकं लाकूड दिलंय. इंडियन लॉरेल म्हणजे आपला ऐन. सह्याद्रीच्या जंगलातला, घरांच्या वाशांना आणि खांबांना वापरला जाणारा ऐन. जानेवारी २०१७ मध्ये शिसवाच्या साऱ्या जाती आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या परवान्याखाली आल्या, तेव्हा स्वस्त गिटारी बनवणारे कारखाने ऐनाकडे आणि इतर लाकडांकडे वळले. २०१९ च्या शेवटी तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, तरी ऐन टिकून राहिला. तो टणक असतो, फक्त शिसवापेक्षा लवकर कोरडा पडतो. वर्षातून दोनदा लेमन ऑइलचा हलका हात फिरवला की पुरे.

आता नावं. एपिफोनला 'नक्कल' म्हणून हिणवणाऱ्यांनी थोडा इतिहास पाहावा. लेस पॉल या वादकाने १९४० च्या सुमारास चार इंच बाय चार इंचाच्या पाइनच्या ओंडक्यावर आपली पहिली भरीव इलेक्ट्रिक गिटार बनवली, ती न्यूयॉर्कमधल्या एपिफोनच्या कारखान्यात बसून, आणि ती गिटारसारखी दिसावी म्हणून एपिफोनच्याच गिटारीचे दोन कुशीचे तुकडे तिला जोडले. १९५७ मध्ये गिब्सनच्या मालकांनी एपिफोन विकत घेतली. म्हणजे घर तेच आहे. आजची एपिफोन लेस पॉल स्टँडर्ड चीनमध्ये बनते. महोगनीची बॉडी, वर मेपल, चिकटवलेली मान, प्रोबकर नावाचे हंबकर आणि अमेरिकन सीटीएस कंपनीचे पॉट, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची बटणं. २०२० मध्ये मालिका नव्याने आली तेव्हा हेडस्टॉकचा, म्हणजे मानेच्या खुंट्यांच्या टोकाचा, आकार गिब्सनच्या जवळ गेला, त्यावरून जुनी-नवी चटकन ओळखता येते. नवी घ्यायला गेलात तर तुमचं जवळजवळ सगळं बजेट तिच्यातच जाईल आणि ॲम्पला काही उरणार नाही. म्हणून वापरलेली म्हणालो. पुण्या-मुंबईत नोकरी बदलणारी, परदेशी जाणारी मुलं या गिटारी विकतात, आणि बऱ्याच गिटारींवर तर फ्रेटला, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांना, साधी खूणही पडलेली नसते.

कॉर्टबद्दल लोकांना कमी माहिती असते. पीआरएस ही मेरीलँडमधली कंपनी, १९८५ सालची. तिच्या वरच्या मालिकेतल्या गिटारी गिब्सनपेक्षाही महाग. त्याच पीआरएसची परवडणारी एसई मालिका इंडोनेशियात ज्या कंपनीच्या कारखान्यात बनते, ती कंपनी कॉर्ट या नावाने स्वतःच्या गिटारीही विकते. यंत्रं त्यांची, कारागीर त्यांचे. सीआर मालिका दिसायला आणि मापाला लेस पॉलच्या वाटेने जाते, लांबी २४.७५ इंच, दोन हंबकर. फरक राहतो तो पिकअपमध्ये आणि शेवटच्या हातात. पिकअप पुढे बदलता येतो आणि शेवटचा हात मी किंवा माझ्यासारखा कुणीही देऊ शकतो.

यामाहाची रेवस्टार एलिमेंट मालिकाही हातात घेऊन पाहा. तिचा आकार लेस पॉलचा नाही, पण लांबी तीच, हंबकर तसेच, आणि बॉडी आतून पोकळ केलेली असल्याने वजन कमी. तीन तासांचा कार्यक्रम उभ्याने करणाऱ्याच्या खांद्याला त्याची किंमत कळते. चार किलोच्या वरची लेस पॉल पट्ट्यावर घेऊन मी मिरवणुकीच्या ट्रकवर रात्र काढली आहे. यामाहाचीच पॅसिफिका ११२ उत्तम गिटार आहे, शिकणाऱ्याला मी डोळे मिटून तीच सांगतो, पण तिचा आवाज स्ट्रॅटोकास्टरच्या घराण्यातला. तुम्हाला जे हवंय ते तिच्यात नाही. एपिफोनची स्वस्तातली 'स्पेशल-टू' नावाला लेस पॉल आहे, तिची बॉडी पातळ आणि मान बोल्टची. पैसे वाचवायला ती घेतलीत तर सहा महिन्यांत विकायला काढाल.

एक कळकळीचं सांगणं. हेडस्टॉकवर 'गिब्सन' लिहिलेली आणि पंचवीस-तीस हजारांत मिळणारी नवी गिटार कितीही सुंदर दिसली तरी घेऊ नका. ती बनावट असते. ट्रस रॉडवरच्या (मान सरळ ठेवणारी आतली सळी) छोट्या घंटेसारख्या झाकणाला खऱ्या गिब्सनवर दोन स्क्रू असतात, बनावटीवर पुष्कळदा तीन. पण आता नकला सुधारल्यात, त्यामुळे एका खुणेवर विसंबू नका. अशी गिटार पुन्हा विकायला गेलात की तुम्हीही फसवणुकीत सामील होता. एपिफोन किंवा कॉर्ट जे आहे ते कपाळावर लिहून मिरवते, आणि विकताना तिला तिची रास्त किंमत मिळते.

वापरलेली घेताना कुठे पाहायचं हे मी पैसे मोजून शिकलो. २००९ मध्ये मुंबईतल्या एका विक्रेत्याकडून मी लेस पॉल जातीची जुनी गिटार घेतली. रंग काळा, चकचकीत, किंमत मनासारखी. या गिटारींचा हेडस्टॉक मागे झुकलेला असतो, गिब्सनवर सुमारे १७ अंशांनी, आणि नेमकं तिथेच ट्रस रॉडसाठी लाकूड कोरलेलं असतं. त्यामुळे गिटार पाठीवर पडली की मान तिथेच मोडते. ही गिटार आधी मोडलेली होती आणि वरून काळा रंग मारून सांधा झाकला होता. मला सांगितलं नव्हतं. पहिल्याच मे महिन्यात, पत्र्याच्या खोलीत, दुपारी 'टक्' असा आवाज आला. दहा-शेहेचाळीस जाडीचा तारांचा सेट सुरात लावला की मानेवर सुमारे ४४ किलोचा ओढा असतो. पाहिलं तर नटच्या मागे केसाएवढी भेग उघडली होती आणि सहाही तारा सैल. तेव्हापासून मी वापरलेली गिटार पाहताना आधी ती पालथी करतो, मोबाइलचा टॉर्च मानेला जवळजवळ टेकवून तिरका धरतो आणि नटच्या मागची दोन इंचं डोळ्यांनी आणि नखाने चाचपतो. रंगात लाट दिसली, नख अडकलं किंवा तेवढाच भाग जास्त चमकत असला तर किंमत निम्मी मागतो किंवा उठून येतो. नीट चिकटवलेला सांधा वर्षानुवर्षं टिकतो. फक्त तो आहे हे आपल्याला माहीत असलं पाहिजे.

आता ज्यावर माझा सगळ्यात जास्त विश्वास आहे त्या गोष्टीकडे येतो. चाळीस हजारांची गिटार आणि अडीच लाखांची गिटार यांच्यात बोटांना जाणवणारा फरक बहुतांशी नट आणि फ्रेटमध्ये असतो, आणि तो दीड-दोन हजारांत बराचसा भरून काढता येतो. स्वस्त गिटार बिघडलेली नसते, तिच्यावरचं शेवटच्या दोन तासांचं काम राहिलेलं असतं. कारखान्यात ते दोन तासच सगळ्यात महाग पडतात.

हे मला गिटारवाल्यांनी नाही, मिरजेच्या सतारवाल्यांनी शिकवलं. आपल्या पंढरपूर भागात पिकणारा भोपळा मिरजेला जातो आणि त्याचे तंबोरे, सतारी होतात. लहानपणी वडिलांबरोबर तंबोरा आणायला गेलो होतो तेव्हा एक चाचा जवारी काढत बसले होते. घोडीवर कानस दोनदा फिरवायची, तार छेडायची, कान लावायचा, पुन्हा एकदा फिरवायची. अर्धा दिवस त्यातच. वाद्य तेच होतं, पण संध्याकाळी त्याचा आवाज वेगळाच झाला. ते घोडी घासतात ती तार झंकारावी म्हणून, मी नट घासतो तो तार झंकारू नये म्हणून. कानसेवरचा हात मात्र तोच लागतो.

गेल्या महिन्यात आलेली नवी कॉर्ट कशी लावली ते सांगतो, म्हणजे तुम्ही कुणाकडेही गेलात तरी काय होतंय ते कळेल. टेबलावर सोलापुरी चादर चार पदरी घालून गिटार त्यावर उताणी, तारा वर करून ठेवली, मानेखाली गुंडाळलेला टॉवेल दिला. मालकाची तक्रार होती की मोकळा ई कॉर्ड सुरात वाजतो आणि पहिल्या फ्रेटवरचा एफ बेसूर. याचा अर्थ जवळजवळ नेहमी एकच, नटच्या खाचा उथळ आहेत आणि तार तिथे उंच बसलीय. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबून धरली. पहिल्या फ्रेटच्या माथ्यावर कागदाएवढी फट हवी, इथे त्यातून व्हिजिटिंग कार्ड सहज जात होतं.

पण नटला लगेच हात लावायचा नाही. आधी मान. एका बोटाने पहिल्या फ्रेटवर आणि दुसऱ्याने शेवटच्या फ्रेटवर तार दाबली, म्हणजे तारच पट्टी झाली. मधे सातव्या-आठव्या फ्रेटपाशी पाव मिलिमीटरच्या आसपास फट असावी, इथे ती दुप्पट होती. ट्रस रॉड पाव वळसा आवळला, परत सुरात लावली आणि चहा घेऊन आलो. लाकडाला वेळ द्यावा लागतो. एकदम पूर्ण वळसा देणारा माणूस दिसला तर गिटार उचलून घरी घेऊन जा. मग नटच्या खाचा, प्रत्येक तारेच्या जाडीची वेगळी कानस, दोन फेऱ्या, तपासणी, पुन्हा एक फेरी. इथे एक फेरी जास्त झाली की नट नवा लावावा लागतो, म्हणून घाई नाही. खाचेत मऊ पेन्सिलचं शिसं भरलं. लेस पॉलच्या जातीत जी तार नटमधून तिरकी वळते, ताणून सोडली की अडकते आणि बेसूर होते, त्यावर एवढ्याशा शिशाचा मोठा उपयोग होतो.

मग फ्रेट. तीन फ्रेटवर बसेल अशी छोटी सरळ पट्टी घेऊन पुढे सरकत गेलो. चौदाव्यावर ती डुलली, म्हणजे तो उंच. पिकअपवर आधी टेप मारली, कारण स्टील वूलची भुकटी चुंबकाला चिकटली की निघता निघत नाही. मार्करने फ्रेटचा माथा काळा केला, सपाट ठोकळ्यावरच्या कागदाने घासला, गोलाई परत आणली, पॉलिश केलं. शेवटी बाराव्या फ्रेटवर तारेची उंची जाड तारेखाली २ मिलिमीटर, बारीक तारेखाली दीड. बाराव्या फ्रेटवरचा दाबलेला सूर आणि तिथलाच हार्मोनिक, म्हणजे तारेला नुसतं बोट टेकवून काढलेला सूर, ट्यूनरवर जुळवून घेतला. दाबलेला चढा आला तर सॅडल (ब्रिजवरचा त्या तारेचा टेकू) मागे, उतरता आला तर पुढे. साडेतीन तास गेले. मालकाने परत घेताना पहिला एफ धरला आणि माझ्याकडे बघत राहिला. गिटार तीच होती.

आपल्या हवेचं एक दुखणं आहे. एप्रिल-मेमध्ये सोलापूर चाळिशीच्या पार जातं आणि हवा कोरडी पडते. फिंगरबोर्डचं लाकूड आकसतं, फ्रेटची धातू आकसत नाही, आणि मानेच्या कडेने फ्रेटची टोकं करवतीसारखी टोचायला लागतात. नवी गिटार पहिल्या उन्हाळ्यात हमखास हे करते. टोकं घासून घ्यायची, घाबरायचं नाही. पावसाळ्यात मान पुन्हा हलते. त्यामुळे वर्षातून दोनदा, मेअखेर आणि दिवाळीनंतर, गिटार तपासून घ्या. आणि उन्हात उभ्या गाडीत ती कधीही ठेवू नका, तिथे सरससुद्धा मऊ पडतो.

ॲम्पवर मी फार लिहीत नाही, पण खरेदीत तो गिटारइतकाच महत्त्वाचा. बॉसची कटाना मालिका किंवा फेंडरची मस्टँग मालिका, यातला तुमच्या पैशांत बसणारा घ्या. त्यांच्या आत वेगवेगळ्या धाटणीचे आवाज तयार असतात. घरच्या सरावाला आणि छोट्या कार्यक्रमाला पुरतो, मोठ्या मांडवात मिक्सरला जोडायचा. महागडी गिटार स्वस्त ॲम्पमध्ये पत्र्यासारखी वाजते, पण साधी गिटार चांगल्या ॲम्पमध्ये भरून येते. हे मी दोन्ही बाजूंनी वाजवून पाहिलंय.

पण तो ॲम्प लावण्याआधी घरातलं अर्थिंग तपासून घ्या, ही विनंती आहे. जुन्या पेठांतल्या कित्येक घरांत तीन खाचांचा सॉकेट असतो आणि अर्थची वायर कुठेच गेलेली नसते. गिटारच्या तारा ब्रिजमार्गे ॲम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात. हात तारांवर आणि ओठ माइकला लागले की माणूसच वायर होतो. असा झटका मी खाल्लाय, जनरेटरवरच्या कार्यक्रमात. वायरमनला बोलावून टेस्टरने नाही, मीटरने तपासायला सांगा. ॲम्पच्या प्लगची तिसरी पिन काढून 'घरघर कमी होते' असं सांगणाऱ्याचं ऐकू नका.

गिटारमधली दुरुस्ती मात्र सोलापुरात अवघड नाही. बेंजो पार्ट्यांची वाद्यं दुरुस्त करणारे आपल्याकडे आहेत. पिकअप, पॉट आणि जॅकचं डाग देण्याचं काम त्यांच्या हाताखालून रोज जातं. त्यांना फक्त सांगायचं की हंबकरसाठी पॉट ५०० केचे लागतात, २५० केचे नाहीत. २५० के लावले तर आवाज गोधडी पांघरल्यासारखा दबतो.

दोन वर्षं थांबण्याबद्दल. पैसे जरूर साठवा, ते स्वप्न सोडा असं मी म्हणणार नाही. पण ती दोन वर्षं हातात इलेक्ट्रिक गिटार नसताना घालवू नका. अकूस्टिकवरचा जोर, तारा दाबायची सवय, उजव्या हाताचा पंजा, सगळं इलेक्ट्रिकवर बदलावं लागतं, आणि नको त्या तारा गप्प ठेवायला शिकण्यातच वर्ष जातं. पुढे खरी घ्यायला गेलात की ही सोबत न्या. एकाच ॲम्पवर, एकाच आवाजात दोन्ही वाजवा, आणि बँडमधल्या एखाद्याला पाठ करून ऐकायला सांगा. त्याला आणि तुमच्या बोटांना, दोघांनाही फरक कळला तर आनंदाने घ्या.

सध्या एवढं करा. आपल्या गावातल्या दुकानांत तबला, ढोलकी, पेटी आणि अकूस्टिक भरपूर, इलेक्ट्रिक दोन-तीनच टांगलेल्या असतात आणि त्याही सुरात नसतात. तेव्हा एखाद्या शनिवारी हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जा, सकाळी जाऊन रात्री परत येता येतं. बॅगेत स्टीलची पट्टी, व्हिजिटिंग कार्ड, ट्यूनर आणि स्वतःची केबल ठेवा. दुकानात गिटार आधी ॲम्पशिवाय वाजवा, प्रत्येक तारेच्या प्रत्येक फ्रेटवर एक सूर, खरखर कुठे येते ते ऐका. मग ॲम्पला लावा, आवाज वाढवा आणि काहीच वाजवू नका. घरघर ऐका, तारांना हात लावा, ती कमी झाली पाहिजे. चारही पॉट टोकापासून टोकापर्यंत फिरवा, स्विच हलवा, जॅकमधली केबल हलवा. तिसरी तार दोन सूर चढेल एवढी दहादा ओढा आणि सुरात परत येते का पाहा. दुकानदार घाई करायला लागला तर पाणी मागा आणि पुन्हा बसा. परतताना गिटार रॅकवर आडवी टाकू नका. खिडकीच्या कोपऱ्यात उभी धरा, हेडस्टॉक वर, आणि दौंड-कुर्डुवाडीच्या गर्दीत पाठीला बॅग अडकवून दारात उभे राहू नका.